मका आणि त्याचे सोबती

अमेरिका खंडातून जुन्या जगात कोणकोणती पिके आली, असा प्रश्न वर्गात विचारला की मुले भराभर यादी म्हणून दाखवतात : मका, बटाटा, टोमॅटो, मिरची, शेंगदाणा, तंबाखू. यादी बरोबरच असते. पण यादी पाठ करताना एक गोष्ट सुटते. मका आला तो एकटाच आला. ज्या पिकांच्या सोबतीने तो शेतात उभा राहत होता आणि ज्या रीतीने तो रांधला जात होता, ती सारी मंडळी मागेच राहिली. त्याची किंमत पुढे लक्षावधी माणसांना मोजावी लागली. या लेखात आम्ही मक्याच्या त्या सोबत्यांविषयी सांगणार आहोत.

मक्याचे कणीस हातात घेऊन नीट पाहा. दाणे घट्ट बसलेले, वर पानांची जाड गुंडाळी. असे कणीस जमिनीवर पडले आणि चुकून रुजलेच तर शेकडो रोपे एकाच जागी उगवतील आणि एकमेकांची उपासमार करून मरतील. म्हणजे दाणे सोलून, सुटे करून पेरणारा माणूस नसेल तर मका दोन-चार पिढ्यांतच संपेल. गहू, भात, ज्वारी यांनाही आपण माणसाळवले आहे, पण मक्याइतके परावलंबी पीक दुसरे नाही. त्याचा पूर्वज म्हणजे ‘टिओसिंटे’ नावाचे गवत. मूठभर कठीण कवचाचे दाणे, पिकले की आपोआप गळून पडणारे. मेक्सिकोच्या दक्षिण भागात, बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी त्या गवतापासून मका घडू लागला, असे जनुकीय अभ्यास सांगतात. ओआहाका प्रांतातल्या गिला नाकित्झ या गुहेत सापडलेली छोटी कणसे सुमारे ६२५० वर्षांपूर्वीची आहेत.

त्याच गुहेत भोपळ्याच्या बियाही मिळाल्या आणि त्यांतल्या काही जवळजवळ १०,००० वर्षांपूर्वीच्या निघाल्या! म्हणजे भोपळा मक्याच्याही आधी माणसाजवळ आला. घेवडा मात्र मागाहून आला. (आपण बाजारातून आणतो तो राजमा आणि श्रावण घेवडा ही एकाच जातीची भावंडे, दोन्ही मूळची अमेरिकेची.) मका, घेवडा, भोपळा ही तिन्ही पिके एकत्र लावण्याची पद्धत मध्य अमेरिकेत ‘मिल्पा’ म्हणून ओळखली जाते. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येला राहणारे हौडेनोशौनी लोक, ज्यांना पाश्चात्त्य पुस्तके ‘इरोक्वा’ म्हणतात, या पिकांना ‘तीन बहिणी’ म्हणतात. हे सारे अनादिकालापासून तसेच चालत आले असेल अशी आपली समजूत होते. पुराव्यावरून तसे दिसत नाही. त्या ईशान्य भागात घेवडा पोहोचला तो इ.स. १३०० च्या सुमारास. मका आणि भोपळा आधी होते. तिसरी बहीण आली तेव्हा बायकांनी तिला शेतात जागा करून दिली. परंपरासुद्धा कोणीतरी, कधीतरी, प्रयोग करून बांधलेली असते.

बायकांनी म्हणण्याचे कारण असे, की या समाजांत शेती बायकांच्या हातात होती. शेतही त्यांचे आणि पीकही त्यांचे. जमीन नांगरायची नाही. हात-दीड हात उंचीपर्यंत माती ओढून गोल उंचवटे करायचे आणि दरवर्षी त्याच उंचवट्यांवर पेरायचे. आधी मका. तो वीतभर वाढला की त्याच उंचवट्यावर घेवडा. मधल्या मोकळ्या जागेत भोपळा. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवड्याचा वेल चढतो, भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकतात, त्यामुळे ओल टिकते आणि तणाला ऊन मिळत नाही.

इथे शाळेच्या पुस्तकात पुढचे वाक्य ठरलेले असते : घेवड्याच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र घेतात आणि मक्याला देतात. यात थोडी गफलत आहे. गाठींमधले जिवाणू नत्र स्थिर करतात हे खरे, पण तो नत्र बहुतांशी घेवडा स्वतःसाठीच वापरतो. घेवड्याची मुळे आणि पाला कुजल्यावर त्यातला काही भाग पुढच्या पिकाला मिळतो. त्याच हंगामात शेजारच्या मक्याला मिळणारा वाटा फार थोडा. घेवडा मक्यावर खरा उपकार करतो तो जमिनीतल्या नत्रासाठी फारसे न भांडून. शिवाय तिघांची मुळे जमिनीच्या वेगवेगळ्या थरांत पसरतात. आणि नांगर नसल्यामुळे मातीतले सेंद्रिय द्रव्य लवकर जळून जात नाही. हौडेनोशौनींची शेते वर्षानुवर्षे पिकत राहिली याचे मोठे श्रेय याला द्यायला हवे. एवढी दुरुस्ती मुलांना जरूर सांगावी. निसर्गात परोपकार शोधण्यापेक्षा भांडण कुठे टळले हे शोधणे अधिक फलदायी असते!

या पद्धतीचे उत्पन्न किती? कॉर्नेल विद्यापीठातील शेतीशास्त्रज्ञ जेन माउंट प्लेझंट यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार अशा एका हेक्टरातून सुमारे सव्वा कोट किलोकॅलरी आणि ३४९ किलो प्रथिने मिळतात. म्हणजे वर्षभर १३ माणसांना पुरेल इतकी ऊर्जा आणि १५ माणसांना पुरतील इतकी प्रथिने. तेवढ्याच जमिनीवर ही पिके वेगवेगळी लावली तर दोन्ही आकडे कमी भरतात. प्रथिनांचा प्रश्न केवळ वजनाचा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले कमी असतात. घेवड्यात लायसिन भरपूर असते, पण मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या भाकरी-आमटीचे आणि वरण-भाताचे शास्त्र हेच. भोपळ्याच्या गरातून ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुरवठा होतो आणि बियांतून तेलाचा.

आता एका घराची गोष्ट. मिसूरी नदीच्या वरच्या भागात, आजच्या उत्तर डाकोटा राज्यात, हिदात्सा लोक राहतात. १८३७ साली देवीच्या साथीने त्यांच्या आणि शेजारच्या मंडान लोकांच्या वस्त्या अक्षरशः ओस पाडल्या. त्यानंतर दोन वर्षांनी एक मुलगी जन्मली. पुढे ती ‘बफेलो बर्ड वुमन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. गिल्बर्ट विल्सन नावाच्या अभ्यासकाने तिच्याकडून शेतीची सगळी माहिती ऐकून घेतली. तिचा मुलगा दुभाषा होता. १९१७ साली मिनेसोटा विद्यापीठाने ते निवेदन पुस्तकरूपाने छापले. शेतकरी बाईने स्वतः सांगितलेले इतके बारीक शेतीशास्त्र आमच्या वाचनात दुसरे नाही.

वसंत ऋतूत पहिले बी सूर्यफुलाचे, शेताच्या कडेने. रानातल्या गूजबेरीच्या झुडपांना पालवी फुटली की मक्याची वेळ. मग भोपळा, त्यापाठोपाठ घेवडा, मक्याच्या ओळींमधल्या जागेत. तिच्या आजीने बायसनच्या खांद्याच्या हाडाचे कुदळे शेवटपर्यंत सोडले नाही, लोखंडी अवजारे गावात आली होती तरीही. कणसे भरू लागली की मुली शेतातल्या मचाणावर बसून पाखरे राखत आणि गाणी म्हणत. आईचे गाणे मुलाला आवडते तसे ते मक्याला आवडते अशी त्यांची भावना होती. आपल्याकडे ज्वारीच्या राखणीला माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या वाचकांना हे चित्र लगेच दिसेल. धान्य ठेवायला जमिनीखाली पेव असे, तोंड अरुंद आणि पोट मोठे, इतके खोल की उतरायला शिडी लागे. भिंतीलगत कणसांच्या वेण्या, मध्ये सुटे दाणे आणि दाण्यांच्या पोटात वाळवलेल्या भोपळ्याच्या चकत्यांच्या माळा, कारण भोपळ्याला ओल सोसत नाही. या लोकांना शिकारीचे मांसही मिळे, केवळ शेतीवर ते जगत नव्हते, हे सांगायलाच हवे. पण शिकार फसली तरी हिवाळा निभावून नेणारे धान्य पेवात असे.

बियाण्याची गोष्ट अधिक महत्त्वाची. गावात मक्याचे नऊ वाण होते : कठीण पांढरा, मऊ पांढरा, कठीण पिवळा, मऊ पिवळा, चिकट, निळा, गडद तांबडा, फिकट तांबडा आणि गुलाबी टोकाचा. प्रत्येकाचा रांधण्यातला उपयोग वेगळा, म्हणून वाण शुद्ध राखणे आवश्यक. बियाण्यासाठी भरदार कणसे निवडायची. त्यातही दोन्ही टोकांचे दाणे टाकून फक्त मधले घ्यायचे. बफेलो बर्ड वुमन सांगते, की पहिल्या वसंतात हे बी उत्तम उगवते, दुसऱ्या वसंतातही चांगले, तिसऱ्या वर्षी जेमतेम आणि चौथ्या वर्षी मेलेले असते. म्हणून पीक चांगले आले की तिचे घर निदान दोन वर्षांचे बियाणे बाजूला काढत असे. उगवणशक्तीच्या चाचणीचे याहून नेमके निष्कर्ष प्रयोगशाळेकडून तरी कसे मिळणार?

तिचे आणखी एक निरीक्षण असे : मका प्रवास करतो. पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा लावला तर एकाचा रंग दुसऱ्याच्या कणसात उतरतो. हे कशाने होते ते आम्हाला ठाऊक नव्हते, पण होते हे पक्के ठाऊक होते, अशा अर्थाचे ती सांगते. म्हणून वेगवेगळे वाण एकमेकांपासून दूर लावायचे. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना हे कोडे सुटले ते १८९८-९९ साली. परागकणातून दोन नर-युग्मके येतात. एकाच्या संयोगातून गर्भ तयार होतो आणि दुसऱ्याच्या संयोगातून भ्रूणपोष, म्हणजे दाण्याचा पिठूळ भाग. भ्रूणपोषाचा पिवळा रंग प्रभावी असल्याने ‘बापाचा’ रंग त्याच हंगामात ‘आईच्या’ कणसावर दिसतो. एरवी संकराचे फळ पाहायला पुढच्या पिढीची वाट पाहावी लागते.

आम्ही हा प्रयोग घरामागच्या जागेत करून पाहिला आहे. पांढऱ्या मक्याच्या सहा ओळी आणि वाऱ्याच्या बाजूला पिवळ्या मक्याची एक ओळ, दोन्ही एकाच दिवशी पेरलेल्या. कणसे सोलल्यावर पांढऱ्या दाण्यांत पिवळे ठिपके विखुरलेले होते, पिवळ्या ओळीजवळ दाट आणि दूर जावे तसे विरळ. शाळेच्या आवारात हा प्रयोग सहज करता येईल. मुलांनी प्रत्येक ओळीतली पाच कणसे घेऊन पिवळे दाणे मोजावेत आणि आलेख काढावा. मात्र दोन्ही वाणांना तुरे आणि केस एकाच सुमारास यायला हवेत. पहिल्या वर्षी आमचा प्रयोग याच कारणाने फसला होता.

मका प्रवास करतो याचा दुसरा अर्थ असा, की मक्याला परका पराग हवाच असतो. तुरा शेंड्याला, कणीस खाली, मध्ये वारा. डार्विनने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्वपरागित मक्याची रोपे परपरागित रोपांपेक्षा खुजी निघाली होती. दहा-वीस झाडांवरून बी धरत राहिले तर काही पिढ्यांतच वाण खुरटतो. गावठी मका टिकवायचा तर निदान दोनशे झाडांतून बी धरावे, असे बीजरक्षक सांगतात. घेवड्याचे तसे नाही. तो स्वपरागित असल्याने दहा झाडांवरही वाण टिकू शकतो. ‘घरापुरते पिकवून खाणारे स्वावलंबी कुटुंब’ ही कल्पना आपल्याला मोहक वाटते, आम्हालाही वाटते. पण एकच कुटुंब, एवढीशी बाग, नऊ वाण आणि कोणाशी देणेघेणे नाही, असे मक्याच्या बाबतीत होऊच शकत नाही. हिदात्सांचे प्रत्येक घर आपले पेव भरत होते ते शेजारच्या घरांनीही तेच वाण राखले होते म्हणून.

हे जाळे तोडले की काय होते याची जाणीव सेनापतींना शास्त्रज्ञांच्या आधी होती. १७७९ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या आज्ञेवरून जनरल सलिव्हनचे सैन्य हौडेनोशौनींच्या प्रदेशात शिरले. आपण ४० गावे आणि अंदाजे १,६०,००० बुशेल मका नष्ट केला, असा अहवाल त्याने पाठवला. सोललेल्या दाण्यांचे माप धरले तर हे सुमारे ४००० टन होतात. त्या हिवाळ्यात माणसे उपासमारीने आणि थंडीने मेली.

दुसरा प्रकार अधिक गुपचूप घडला. अमेरिकेतले मूळचे लोक मका चुन्याच्या पाण्यात किंवा लाकडाच्या राखेत उकळून, साल काढून मगच वाटत. युरोपातल्या शेतकऱ्यांना हा उपद्व्याप वाटला असावा. त्यांच्याकडे दगडी जाती होती, दळले की झाले! १७३५ साली स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने एका नव्या रोगाची नोंद केली. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल-काळे चट्टे, जुलाब आणि पुढे वेड. रोगी सारे गरीब, मक्यावर जगणारे. १७७१ साली इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ म्हणजे खरखरीत कातडी असे नाव मिळाले. मका सडका असेल, त्यात विष असेल, जंतू असतील, असे तर्क दीडशे वर्षे चालले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पसरला. १९०६ ते १९४० या काळात तिथे सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि एक लाखाच्या आसपास मेले. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासासाठी पाठवले. त्याच्या लक्षात आले, की अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रोगी खितपत असताना तिथल्या परिचारिकांना मात्र रोग होत नाही. संसर्गजन्य रोग असा भेदभाव करील कसा? १९१५ साली मिसिसिपीतल्या एका तुरुंगात त्याने सुटकेच्या बोलीवर तयार झालेल्या अकरा कैद्यांना मुख्यतः मक्याच्या आहारावर ठेवले. सहा जणांना पेलाग्रा झाला. (आज असा प्रयोग करू दिला जाणार नाही आणि ते योग्यच आहे.) तरीही संसर्गवादी मानेनात, तेव्हा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त टोचून घेतले, खपल्या गोळ्यांतून गिळल्या. कोणालाही काही झाले नाही. १९३७ साली एल्व्हेहेम यांनी दाखवले, की कुत्र्यांमधला अशाच तऱ्हेचा विकार निकोटिनिक आम्लाने, म्हणजेच नायसिनने बरा होतो. गोल्डबर्गर मात्र १९२९ मध्येच वारला होता.

मक्यात नायसिन असते, पण बांधलेल्या स्थितीत, आतड्यांना न लागणारे. चुना किंवा राख यांसारख्या अल्कलीत उकळले की ते सुटे होते. शरीर ट्रिप्टोफॅनपासूनही थोडे नायसिन बनवते, पण मक्यात तेही कमी. ते घेवड्यातून मिळायचे. म्हणजे चुना आणि घेवडा या दोन सोबत्यांपैकी एक जरी बरोबर आला असता तरी पुष्कळ लोक वाचले असते. मेक्सिकोतल्या बायकांना नायसिन ठाऊक होते असे आम्ही म्हणत नाही. साल निघते, कणीक मळता येते, चव येते, एवढे त्यांना पुरे होते.

दक्षिणेतल्या शेतमजुराच्या ताटात मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी एवढेच का होते? कारण जमीनमालक त्याला उंबऱ्यापर्यंत कापूस लावायला भाग पाडत होता. परसबागेला जागाच नव्हती. त्यात नव्या गिरण्या दाण्याचा कोंब काढून टाकू लागल्या होत्या. या रोगाचे मूळ गरिबीत आहे, असे गोल्डबर्गर आणि त्याचा अर्थशास्त्रज्ञ सहकारी सिडनस्ट्रिकर यांनी आकडेवारीने मांडले. ते दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना अजिबात रुचले नाही. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या मजुरांत पेलाग्रा आढळत असे; १९६० च्या सुमारास हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. ज्वारीच्या दर चार-सहा ओळींनंतर तुरीची ओळ टाकणारा शेतकरी या रोगापासून आपल्या नकळत दूर राहत होता.

मक्याचा पुढचा एकटेपणा बियाण्यातला. १९३० नंतर अमेरिकेत संकरित मका झपाट्याने पसरला. उत्पन्न वाढले, यात वाद नाही. पण संकरिताचे बी पुढच्या वर्षी पेरले तर गुण विखुरतात, म्हणून शेतकरी दरवर्षी दुकानात जाऊ लागला. १९७० साली देशातल्या मोठ्या बहुसंख्य संकरितांत ‘टेक्सास’ नावाचा एकच नर-वंध्य पेशीद्रव आलेला होता. त्यावर नेमका हल्ला करणारी बुरशी आली आणि एका हंगामात मक्याचे जवळजवळ १५ टक्के पीक गेले.

गावठी वाण आजही काही ठिकाणी टिकून आहेत. आपल्या सातपुड्यात, धडगावच्या परिसरात, पावरा आणि भिल्ल कुटुंबे मक्याची भाकरी खातात आणि बी घरातच राखतात.

बफेलो बर्ड वुमनच्या गावाचे पुढे काय झाले? तिच्या उतारवयात सरकारी अधिकारी हिदात्सांना नवी शेती शिकवत होते. १९११ साली त्यांनी एक कृषिप्रदर्शन भरवले. तिने पाठवलेल्या मक्याला पहिले बक्षीस मिळाले. जमीन तेवढी नांगरलेली होती. बाकी सारे तिने कुदळ्याने, जुन्या रीतीने केले होते. १९३२ साली ती वारली. १९५३ साली मिसूरीवरचे गॅरिसन धरण पुरे झाले आणि हिदात्सा, मंडान व अरिकारा लोकांची दीड लाख एकरांहून अधिक जमीन पाण्याखाली गेली. त्यात नदीकाठची मळीची शेते जवळजवळ सगळी होती. वर माळावर नवी घरे मिळाली, पण माळावर तो मका तसा येत नव्हता. कोयना-उजनीच्या वाचकांना अधिक सांगायला नको.

बियाणे थोडेफार वाचले ते अनपेक्षित वाटेने. बिस्मार्क गावातला ऑस्कर विल नावाचा बियाणे-विक्रेता या लोकांचे वाण जमवत असे. ‘सन ऑफ स्टार’ नावाच्या हिदात्सा माणसाने त्याला घेवड्याचे बी दिले होते. त्यातून निवडलेला पांढरा घेवडा विलने १८९६ साली ‘ग्रेट नॉर्दर्न’ नावाने विकायला काढला. अमेरिकेतल्या किराणा दुकानांत तो आजही त्याच नावाने पिशव्यांतून मिळतो. पिशवीवर हिदात्सांचा उल्लेख सहसा नसतो.